ताट एक झालं नाही

आमच्या घरात देवाचं प्रेम पाठीवर मोजलं जायचं. हे मी थट्टेनं सांगत नाही. लहानपणी मला खरंच वाटायचं, की ज्याच्या अंगावर जास्त वळ, तो देवाचा जास्त लाडका. त्या मापानं माझी माय म्हणजे देवाच्या मांडीवरच बसलेली.

हे मला शिकवलं बायबलबाईनं. बीदरजवळच्या जनवाड्यापासून आत, तांबड्या मातीतलं आमचं खेडं, आणि खेड्याबाहेर आमची वस्ती. ख्रिस्ती होऊन आम्हाला थोडीच वर्षं झाली होती; गावाच्या लेखी आम्ही अजून मांगवाड्यातलेच. मिशननं वस्तीतल्या बायकामुलांना शिकवायला एक विधवा बाई ठेवली होती. सगळी वस्ती तिला अक्का म्हणायची. अंगानं काडी, पण तोंड असं, की भांडणारे बैलसुद्धा बाजूला व्हावेत. एका वाक्यात कानडी आणि मराठी दोन्ही बोलायची, भिंतीला चित्रांची गुंडाळी टांगायची आणि धडा सांगायची.

एकदा तिनं धडा सांगितला, की बाप आपल्याच लेकराला मारतो, शेजाऱ्याच्या नाही. देवही तसाच. ज्याच्यावर त्याची माया, त्यालाच तो मारतो. माझा बाप, त्याला मी अप्पा म्हणायची, त्या दिवशी दारात बसून ऐकत होता. माकडाच्या हाती कोलीत मिळालं. तेव्हापासून मायला मारताना तो म्हणायचा, "देव बी लाडक्यालाच मारतो, इचार तुझ्या अक्काला." आणि मूर्ख मी, मला ते पटायचं.

अप्पावर माझा राग आहे आणि तो मी सोडलेला नाही. पण त्याच्याविषयी खोटं सांगणार नाही. तो पंचक्रोशीत नावाजलेला हलगीवाला होता. ख्रिस्ती झाल्यावर त्यानं गावच्या लक्ष्मीच्या जत्रेत हलगी वाजवायला नाही म्हटलं. पोलीस ॲक्शन नुकतीच होऊन गेली होती. निजामाचं राज्य गेलं, आणि गावातल्या मुसलमानांची घरं जळाली. अत्तर विकायला येणारा म्हातारा विहिरीत सापडला. ज्यांनी त्याला विहिरीत टाकलं तीच माणसं हातातल्या काठ्या खाली न ठेवता जत्रेच्या तयारीला लागली होती. त्यांना अप्पाचं 'नाही' ऐकून घ्यायची सवय नव्हती.

"राज्य बदललं म्हणून तू बी बदलायलास व्हय?" असं म्हणत त्यांनी अप्पाला पारापाशी ओढत नेलं. उजवा हात दगडावर धरला आणि बोटं ठेचली. मी मायच्या मागून पाहत होते. अप्पा शिव्या देत नव्हता, दयाही मागत नव्हता. येशूचं नाव घेत होता. नाव घेतलं की ते पुन्हा दगड उचलायचे. शेवटी त्याला बेशुद्ध टाकून ते दुसरा हलगीवाला शोधायला गेले.

बोटं जुळली, ती वाकडी. हलगी सुटली, दोर वळणं सुटलं. त्या जागी शिंदी पिणं आलं. पोट जाळायला दगड फोडायची मजुरी होती, तीही एका हातानं. वस्तीत सगळे त्याला मानायचे, कारण त्यानं देवासाठी हात दिला होता. घरात मात्र त्याचा डावा हात पटकन तरबेज झाला. गावाला मारता येत नव्हतं, माय हाताशी होती. धोपटायचा, केस धरून उंबऱ्यावर डोकं आपटायचा. मार संपला की रडत बसायचा आणि मायनं त्याचं डोकं मांडीवर घ्यावं असं त्याला वाटायचं. ती घ्यायचीही. मला त्या रडण्याचा मारापेक्षा जास्त तिटकारा होता.

आता आमच्या वस्तीची एक रीत सांगितली पाहिजे. मिशनचे पाळकसाहेब तालुक्याच्या गावाहून सायकलवर यायचे, तेही चार-सहा महिन्यांनी. ते आले की रविवारी आमच्या एका खोलीच्या देवळात प्रभुभोजन व्हायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एका मेजावरची भाकर आणि प्याला घ्यायचा. मनात अढी ठेवून त्या मेजाकडे जायचं नाही, असा दंडक. म्हणून आदल्या दिवशी भांडलेली माणसं अक्काच्या ओट्यावर जमायची. ती मध्ये ताट ठेवायची. त्यात भाकरी आणि मीठ. दोघांनी एकमेकांना घास भरवायचा आणि म्हणायचं, माझ्या मनात काही न्हाई. याला आम्ही ताट एक करणं म्हणायचो. एकानं जरी घास नाकारला, तरी दोघंही प्रभुभोजनाला मुकायचे.

रीत चांगलीच होती. जावाजावा त्या ओट्यावर रडत गळ्यात पडल्या आहेत, मी पाहिलंय. पण मार खाणारीनं मारणाऱ्याला घास भरवायचा आणि मनात काही न्हाई म्हणायचं, यात काही चुकतंय हे वस्तीतल्या कुणालाच दिसलं नाही. माय दर वेळी सुजलेले ओठ घेऊन भरवायची, दर वेळी म्हणायची. अप्पा मान खाली घालून घास खायचा, दुसऱ्या दिवशी प्रभूचा प्याला घ्यायचा, आणि पुढच्या बाजाराला शिंदी.

मग ते झालं. मायचे दिवस भरत आले होते. भाकरी करपली, एवढं निमित्त. अप्पानं तिच्या पोटात लाथ घातली. एक, मग आणखी. ती चुलीवर पडली, तव्याला हात लागून कातडी निघाली. मी ओरडत बाहेर पळाले, बायका धावत आल्या. मूल झालं ते निळं. मुलगा होता. बाभळीखाली पुरला. अक्कानं प्रार्थना केली आणि मायला जवळ घेऊन म्हणाली, "पोरी, देव तुला पारखायलाय. माया हाय म्हणून मारतो तो." मी तेव्हा पहिल्यांदा घाबरले. असं असेल तर अजून थोडं प्रेम झालं, की देव माझ्या मायला मारूनच टाकणार. त्याच्यापासून तिला कसं वाचवायचं, हे मला समजेना.

काही आठवड्यांत पाळकसाहेब येणार असल्याचा निरोप आला. आदल्या दिवशी दुपारी अक्काच्या ओट्यावर वस्ती जमली. अप्पा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला होता. शिंदी प्यालेला नव्हता, हे मुद्दाम सांगते. लोक सगळं शिंदीवर ढकलून मोकळे होतात.

ताट ठेवलं गेलं. अप्पानं भाकरीचा तुकडा मोडून मिठाला लावला आणि मायच्या तोंडापाशी नेला. मायनं तोंड उघडलं नाही. तिचा भाजलेला हात तिच्याच मांडीवर पडून होता.

"घे ग पोरी," अक्का म्हणाली. "पाळकसाहेब येतेत उद्या."

"माझ्या मनात हाय," माय म्हणाली.

अक्का समजुतीनं म्हणाली, "मनातलं देवाच्या पायावर ठेव. त्यानंच दिलं, त्यानंच नेलं."

"अक्का, देवानं मारलं म्हणालीस तू." मायचा आवाज मी इतका शांत कधी ऐकला नव्हता. "लाथ कुणाची व्हती मला ठाव हाय. ती देवाची न्हवती. देवाच्या नावावर कामून घालायलीस?"

अक्काची नजर मायच्या भाजलेल्या हातावर गेली.

अप्पा उभा राहिला. त्याचा चेहरा मला आजही नको वाटतो. राग होताच, पण लुटलं गेल्यासारखं काहीतरी होतं. ज्या मेजासाठी त्यानं बोटं दिली, त्या मेजावरून त्याची बायको सगळ्यांदेखत त्याला उठवत होती. "माझा हात बघ," तो ओरडला. "कुणासाठी गेला हा? मला तू अडवतीस?" भिंतीला टेकवलेलं मुसळ त्यानं डाव्या हातानं उचललं. मायनं पाहिलं आणि ती हलली नाही. मला वाटलं, आता देव तिला मारून टाकतोय. मी देवाला शिवी दिली, मोठ्यानं, वस्तीसमोर.

मुसळ खाली आलं ते अक्कावर. ती म्हातारी कधी मध्ये शिरली, कुणाला कळलं नाही. तिनं मायला आपल्या अंगाखाली घेतलं होतं आणि एक हात वर केला होता. त्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. अप्पाला थांबता आलं नाही. दुसरा घाव तिच्या कपाळावर बसला. ताट उडालं, भाकरी मातीत गेली, अक्काचं पांढरं लुगडं गळ्यापासून लाल झालं. मग पुरुषांनी अप्पाला आडवं केलं, छातीवर बसून बडवलं. एकानं तेच मुसळ उचललं.

"खाली ठेव ते," अक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांत रक्त येत होतं. "आज लई मारलं समद्यांनी."

तिला ओट्याला टेकवून बसवलं. मायनं आपला पदर फाडून तिच्या कपाळाला बांधला. अक्का तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मी चुकीचं शिकवलं तुला." लोक एकमेकांकडे बघू लागले, डोक्याला मार बसल्यानं ती बरळत असावी असं त्यांना वाटलं. ती पुन्हा म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ऐका समदे. देवाची माया म्हंजे मार, हे मी शिकवलं ते चूक व्हतं."

हाड बसवायला तिला बीदरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. दगड वाहणाऱ्या एका शेजाऱ्यानं बैलगाडी जुंपली. अक्का गाडीत चढताना मायला म्हणाली, "तू बी चल. पोरीला घे. तिथं बायकांच्या वॉर्डात कामाला माणूस लागतो, मी बोलते." मायनं घरातून एक लुगडं आणि माझा परकर आणला. दारही लावलं नाही.

उन्हातून गाडी निघाली. माय अक्काचा मोडका हात मांडीवर धरून बसली होती आणि बसल्याबसल्या तिला झोप लागली. एवढ्या धक्क्यांत कुणाला झोप लागेल? पण माझ्या आठवणीत ती तशी गाढ कधी झोपलीच नव्हती. दाराच्या आवाजाकडे तिचा एक कान कायम असायचा.

मला मात्र विचारायचं होतं. "अक्का, तुला आज देवानं मारलं का? तुझ्यावर लई माया हाय म्हणून?"

अक्काचे ओठ कोरडे पडले होते. "न्हाई ग," ती म्हणाली. "देव मुसळ धरून न्हवता. तो मुसळाखाली व्हता. माझ्यासंगट, तुझ्या मायसंगट. त्याला बी लागलं."

तोवर मी मारणाऱ्याच्या हातात देव शोधत होते आणि म्हणून त्याच्यापासून पळत होते. त्या गाडीत, रक्ताचा वास येणाऱ्या म्हातारीला खेटून बसताना मला पहिल्यांदा वाटलं, की या देवाकडे जायला भीती नाही. देवाला आपण आवडतो, हे मला त्या दिवशी कळलं. नंतर पुष्कळ प्रवचनं ऐकली, त्यात याहून काही जास्त मिळालं नाही.

जनवाडा मागे पडल्यावर गाडीवान म्हणाला, "अक्का, मागं बघा." अप्पा चालत येत होता. वस्तीनं त्याला सोडून दिलं होतं. सदरा फाटलेला, तोंड सुजलेलं, पाय अनवाणी. हाक मारत नव्हता. वाकडी बोटं छातीशी धरून नुसता गाडीमागं येत होता. गाडीवानाला दया आली असावी. त्यानं कासरा ओढला. बैल मंदावले तशी माय जागी झाली. तिनंही पाहिलं.

मला रडू फुटलं. कितीही झालं तरी बाप होता. मी अक्काला विचारलं, "त्याच्यावर बी देवाची माया हाय का?"

"हाय," अक्का म्हणाली. "लई हाय."

मग तिनं मायकडे पाहिलं. ठरवायचं ते मायनं ठरवायचं होतं. माय बराच वेळ त्या चालणाऱ्या माणसाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं पुसलं नाही.

"अण्णा," ती गाडीवानाला म्हणाली, "हाका गाडी."