रंगमंचावरच्या मोडक्या खुर्च्या

कुसुम साटम हिला स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहासुद्धा ती फेऱ्या मारत प्यायची. सिल्वासाच्या आमच्या सरकारी अध्यापक प्रशिक्षण केंद्रात ती मराठी शिकवायची आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. वसतिगृह म्हणायचं आपलं. होता तो इमारतीमागचा ओटा आणि त्याला बांधलेले कुडाचे तट्टे. दार नाही, कडी नाही.

सासष्ट साल होतं. आसपासच्या गावांतल्या वारली, कोकणा, धोडिया मुली पहिल्यांदाच शिक्षिका व्हायला आल्या होत्या. तट्ट्याला लागूनच बाजाराची वाट. येणारे-जाणारे मुद्दाम खोकायचे, कुणी फटीतून डोकावायचं. मुलींचा डोळा लागत नसे, म्हणून कुसुमचाही नसे. मीही तिथेच शिकवायचे आणि तिच्याच बिऱ्हाडात राहायचे, तेव्हा माझंही तेच. "शोभा, आवाज आला का गं?" एवढंच ती विचारायची आणि पायांत चपला सरकवायची.

केंद्राला बांधकामाचे पैसे मिळाले नव्हते असं नाही. मिळाले होते, आणि त्यांतून सभागृह उठत होतं. आमचे प्राचार्य विश्वनाथ नाबर मुंबईचे. माणूस वाईट नव्हता, पण सभागृहाचं नाव निघालं की हुरळून जायचा. रंगमंचासाठी त्यांनी मखमली पडदा मागवला होता, जांभळ्या रंगाचा.

"सर, आधी मुलींना चार भिंती हव्यात," कुसुम म्हणाली.

"साटमबाई, पाहुणे काय बघतात? सभागृह बघतात. ते खूश झाले तर पुढच्या वर्षी वसतिगृहाला पैसा येईल."

"आणि तोवर मुली?"

"तोवर थोडं सोसायचं. आम्ही नाही सोसलं?"

त्यांनी काय सोसलं होतं ते त्यांनाच ठाऊक. माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुसुम ऐकून घेणारी नव्हती. ती तिथून तडक कोठीच्या खोलीपाशी गेली.

ही कोठी म्हणजे आमच्या केंद्रातली सगळ्यात धड खोली. पक्क्या भिंती, खिडकीला गज, दाराला आतून-बाहेरून कडी. आणि तिच्यात काय, तर मोडक्या खुर्च्या! सरकारी सामान मोडलं तरी फेकता येत नाही. बाहेरून समिती येणार, प्रत्येक मोडकी वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार, मग ती रद्दबातल होणार. तोवर तुटका पायसुद्धा कुलपात, छपराखाली. समिती काही येत नव्हती. खुर्च्या मात्र पक्क्या खोलीत सुखाने राहत होत्या आणि मुली ओट्यावर.

भांडारपाल गजानन चुरी पालघरकडचा, पापभिरू माणूस. "बाई, नियम म्हणजे नियम," तो हात जोडून म्हणायचा. "खुर्चीवरचा एक नंबर जरी कमी भरला ना, तर ते माझ्या पगारातून कापतील. उघड्यावर काढून ठेवू म्हणता? वाळवी लागली तर जबाब कोण देणार?"

"माणसांना काही लागलं तर कोण देणार?" कुसुमने विचारलं.

त्यातच खेरडीहून जेठीच्या बापाने निरोप धाडला. जेठी ही आमची सगळ्यात हुशार मुलगी, बोलायला अगदी मुखदुर्बळ. निरोप साधा होता: पोर उघड्यावर निजते असं ऐकलंय, येत्या बाजाराला येऊन घेऊन जाईन. एक गेली की बाकीच्याही जाणार हे आम्हाला कळत होतं. मुली नाहीत म्हटल्यावर मुलींचा वर्गच बंद. कुसुम त्या दिवशी जेवली नाही. अंगणात येरझाऱ्या घालत राहिली आणि मध्येच थांबून मला म्हणाली, "छप्पर आणि कुलूप एवढंच लागतं ना त्या खुर्च्यांना?"

कोठीची चावी तिच्याकडे असायची, कारण वसतिगृहाची भांडी तिथेच ठेवलेली. रविवारी दुपारी तिने मुलींना हाताशी घेतलं आणि एकेक मोडकी खुर्ची उद्घाटनाच्या सफाईसाठी उघडं ठेवलेल्या नव्या सभागृहात नेली. मीही उचलल्या. नुसत्या टाकून नाही दिल्या हं! रंगमंचावर ओळीने मांडल्या, पाठीवर रंगवलेला नंबर समोर दिसेल अशा. मग दारावर लटकलेलं सभागृहाचं कुलूप दाबून बंद केलं. मुलींनी कोठी झाडली, सारवली आणि आपल्या वळकट्या आत नेल्या.

चुरी धावत आला. त्याने सभागृहाच्या खिडकीतून खुर्च्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. सगळ्या होत्या. छपराखाली, कुलपात. त्याच्या चेहऱ्यावर रडू की हसू ते मला कळेना.

सोमवारी उद्घाटन होतं. सकाळी नाबरसरांनी सभागृह उघडलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे बाहेर फेका!"

"साहेब, उघड्यावर नाही टाकता येणार," चुरी पुटपुटला. "तसं तुम्ही सही करून द्या, मी टाकतो."

सहीचं नाव निघताच सर थबकले. "मग परत कोठीत न्या. मुली ओट्यावर जातील."

"नाही जाणार," कुसुम म्हणाली. कोठीची चावी तिच्या मुठीत होती.

पाहुण्यांची जीप यायची वेळ झाली होती. शेवटी पडदा ओढून घेतला, टेबल रंगमंचाच्या खाली मांडलं आणि पाहुण्यांनी जांभळ्या मखमलीसमोर उभं राहून स्त्रीशिक्षणावर भाषण केलं. मला हसू आवरेना. कुसुम मात्र दारात उभी राहून पदराचं टोक पिळत होती. काय येणार ते तिला ठाऊक होतं.

आठवडा उलटायच्या आत कुसुमची बदली आली, राखोलीच्या प्राथमिक शाळेत. कारण दिलं होतं: विनापरवानगी सरकारी सामान हलवणे. वसतिगृहाच्या आधी सभागृह का, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. त्याचा राग मला आजही येतो.

ती निघायची त्याच दिवशी जेठीचा बाप हजर. तो कोठीच्या दारातच उभा राहिला. मग आत गेला, दार लावलं, आतून कडी घातली, काढली, पुन्हा घातली. गज हातांनी हलवून पाहिले. बाहेर येऊन म्हणाला, "बरा हाय. पण बाई, तू जातेस ना? मंग ह्या खोलीचा काय?"

खोटा धीर द्यायची कुसुमची जात नव्हती. तिने कमरेची चावी काढली आणि कचेरीत जमा करायची ती जेठीच्या हातात ठेवली. "खोली तुमची आहे," एवढंच म्हणाली. बाप मुलीकडे बघत राहिला आणि एकटाच खेरडीच्या वाटेला लागला. कुसुमही ट्रंक घेऊन निघाली.

तासाभरात नाबरसरांनी शिपाई पाठवला, चावी आण म्हणून. मुलींनी आतून कडी घातली. मग सर स्वतः आले. त्यांनी दार ठोठावलं, दरडावलं, वर्गातून नाव काढून टाकीन म्हणाले. आतून जेठीचा आवाज आला. इतका मोठा आवाज तिच्याकडे आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

"सर, दार फोडा. पण मोडलेलं दार समिती येईपर्यंत कुलपात जपून ठेवायला लागंल. ते कुठं ठेवणार?"

चुरी तोंडाला रुमाल लावून वळला. सर त्या दारासमोरून मागे फिरले आणि निघून गेले. मुली तिथेच राहिल्या.