हरीण गरीब, वाघ दुष्ट

अजूनही आठवलं की डोकं फिरतं माझं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आंबागडातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच मुलगी. बाबांची अट एकच: "नापास झाली का घरी बसाचं. मंग पाहुणे येतीन पाहाले."

इंग्रजीला एका जुन्या कवीच्या दोन कविता होत्या. एकीत हरणाचं पाडस, दुसरीत वाघ. परीक्षेत आलं, तुलना करा. मला त्या दोन्ही मनापासून आवडल्या होत्या, म्हणून गाइडमधलं न लिहिता माझं लिहिलं. हरणांचा कळप एका रात्रीत धानाची बांधी फस्त करतो, तेव्हा पाडस वाचताना मला धाकधूक होते. रानात वाघ असला की हरणं, डुकरं शेताकडे फिरकत नाहीत. शिवेवरच्या वाघदेवाला नारळ फोडल्याशिवाय आमच्याकडे धानाची रोवणी सुरू होत नाही, म्हणून दुसरी कविता मला धीर देते.

त्या प्रश्नाला भोपळा मिळाला आणि मी नापास झाले. पेपर तपासणाऱ्या सरांकडे गेले.

"ही शेतकीची परीक्षा आहे का? हरीण म्हणजे निरागसता, वाघ म्हणजे क्रौर्य. गाइडमध्ये स्पष्ट दिलंय ना?"

"पण सर, कवीनं वाघाला कुठेच क्रूर म्हटलं नाही."

"तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं?"

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

घरी येऊन रडत, चिडत बाबांना सगळं सांगितलं. बाबांचा जन्म रात्र-रात्र धानाची जागल करत, हरणं हाकलण्यात गेलेला. वाटलं, हे तरी माझ्या बाजूनं बोलतील.

"मंग काय लिवाचं होतं?" त्यांनी विचारलं.

"हरीण गरीब, वाघ दुष्ट."

"असं लिवलं तर पास करतेत?"

"हो."

"मंग लिव ना बाई. कागदावरचं हरीण कोनाचं धान खाऊन राह्यलं?"

पाहुण्यांना त्यांनी ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेपर्यंत थांबवलं, हे त्यांचे उपकारच. पण राग आला तो आलाच. ऑक्टोबरात गाइडमधलं जसंच्या तसं उतरवलं आणि पास झाले. बाबांनी गावभर सांगितलं.

पुढे बी.ए. झाले, एम.ए. झाले. प्रत्येक पेपरात तपासणाऱ्याला हवं तेच लिहिलं. पहिला वर्ग मिळाला. आता कोणी विचारलं, ही कविता आवडली का, तर मी आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघते.