मेकर ताई, चेकर भावोजी

घरातला एक जण जरी डब्यांवरची बारीक अक्षरं वाचायला लागला ना, की किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते रद्दीसारखे आपले आपण वाढत जातात. आमच्याकडे तर तीन आठवड्यांत इतके साठले की मी कॉलेजचं सबमिशन बाजूला ठेवून हे लिहायला बसलेय.

आधी माणसं सांगते. केतकीताई, माझी सख्खी बहीण. भावोजी, बँकेत ऑफिसर, साताऱ्याहून बदली होऊन जयपूरला आलेले. आणि मी. इथेच डिझाइन शिकते आणि तिलक नगरमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये राहते.

*

टेस्टवर दोन रेघा आल्या तेव्हा भावोजी बाथरूमच्या दारातच रडायला लागले. मलाही रडू आलं. ताई मात्र आम्हाला दोघांना ढकलून आत पळाली आणि नाइट क्रीमची डबी घेऊन बाहेर आली.

"यात रेटिनॉल आहे! प्रेग्नन्सीत चालत नाही हे! दोन महिने रोज लावतेय मी!"

हसू नका. मागच्या वर्षी असंच आनंदाने सुरू झालेलं सगळं आठव्या आठवड्यात थांबलं होतं. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, यात तुमची काही चूक नाही. ताईने ते ऐकून घेतलं होतं. मानलं नव्हतं.

*

भावोजींनी डोळे पुसले आणि लगेच बँकेची पद्धत घरात लागू केली. मेकर-चेकर! मतलब, एकाने एंट्री करायची, दुसऱ्याने तपासून सही करायची, त्याशिवाय पुढे काही सरकत नाही. ताई लेबल वाचणार, वहीत उतरवणार. भावोजी फोनवर एकेक नाव शोधणार आणि सही करणार. सही नाही तर तोंडाला साबणही नाही!

प्रॉब्लेम एकच होता. ती अक्षरं मुंगीलासुद्धा चष्मा लागेल एवढी बारीक. म्हणून भावोजींनी जौहरी बाजारातल्या त्यांच्या एका कस्टमरकडून हिरे-पन्ने बघायचं भिंग मागितलं. जव्हेरी माणूस, त्याला वाटलं साहेबांनी काहीतरी मोठा माल घेतलाय. "साहब, मैं खुद आके देख देता हूँ."

तो खरंच घरी आला! भावोजींनी त्याच्यासमोर ताईचा फेसवॉश ठेवला.

मला वाटलं, आता हा उठून जाणार. नाही हो. त्याने भिंग डोळ्याला लावलं, ट्यूब उजेडात फिरवली आणि सगळी नावं मोठ्यांदा वाचून दाखवली. चहा प्यायला. जाताना भिंग आमच्याकडेच ठेवलं आणि ताईकडे न बघता म्हणाला, "नौ महीने बाद लौटा देना."

आम्ही त्याला काहीही सांगितलं नव्हतं!

*

तीन महिने कोणाला सांगायचं नाही, ही आईची साताऱ्याहून फोनवर आलेली ऑर्डर. ताईने ती कडक पाळली. त्याचं हे उदाहरण.

जोशीकाकूंकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. जयपूरमधल्या झाडून सगळ्या मराठी बायका हजर. काकू कुंकू लावायला पुढे आल्या आणि ताईने त्यांचं मनगट पकडलं. "काकू, हे कुंकू घरचं की पॅकेटमधलं? पॅकेट टाकलंत की आहे अजून?"

पन्ह्याचे ग्लास हवेत थांबलेले.

मी घाईघाईने म्हणाले, "काकू, तिला ॲलर्जी आहे."

"हो का?" काकू शांतपणे ताईच्या वाटीत आंब्याची डाळ वाढत म्हणाल्या. "मलाही झाली होती. दोनदा. एक पुण्यात असते, एक कॅनडात."

*

आता माझा एक. घरात फार टेन्शन झालं की माझे हात शिवशिवतात. मी एका कोऱ्या बरणीवर छान लेबल डिझाइन करून चिकटवलं. सिसर ॲरिएटिनम, कुर्कुमा लॉन्गा, सोडियम क्लोराइड. बरणी बाथरूममध्ये ठेवून दिली.

ताईने नावं उतरवली, चेहरा पांढराफटक! भावोजींनी बघितलं न बघितलं आणि लाल पेनाने लिहिलं, "रिजेक्टेड." खाली सही, तारीख.

रात्री जेवताना भावोजींनी दुसऱ्यांदा पिठलं वाढून घेतलं तेव्हा मी म्हटलं, "भावोजी, हे तुम्ही सकाळी रिजेक्ट केलंय."

हरभऱ्याचं पीठ, हळद, मीठ. बस! ताई आठवड्यात पहिल्यांदा हसली, ठसका लागेपर्यंत. भावोजींनी वही आणली, "रिजेक्टेड"वर काट मारली आणि काटेवर पण सही केली.

*

डॉक्टर मॅडमकडे ताई ती वही घेऊनच गेली. मॅडमनी पानं उलटली, खूप वेळ उलटली. मग म्हणाल्या, "क्रीम बंद कर दी ना? ठीक किया. चमड़ी से बहुत थोड़ा अंदर जाता है. अब इसकी फ़िक्र छोड़ो."

ताई म्हणाली, "पक्का?"

"पक्का." मॅडमनी चष्मा वर केला. "और सुनो, ये पेज नंबर नौ वाली सनस्क्रीन कौन सी है? मेरी बहू का भी दूसरा महीना है." आणि फोन काढून पानाचा फोटो घेतला!

*

पण फ़िक्र सुटली नाही. एका रविवारी दुपारी ताई बाथरूममधल्या स्टुलावर बसलेली दिसली. हातात तीच डबी.

"मी स्वतःच्या हाताने लावलं गं रोज," ती म्हणाली. "वर कौतुकाने आरशात बघत."

मला एक गोष्ट माहीत होती. आधी मार बसेल म्हणून सांगितली नव्हती, नंतर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार म्हणून.

"ताई, ते क्रीम मी कधीच संपवलं. तू डबी उघडलीस त्याच आठवड्यात, आमच्या कॉलेज फेस्टच्या मेकअपला. तुला कळू नये म्हणून डबीत बेबी क्रीम भरलं. दोन महिने तू तेच लावतेयस."

"शपथ?"

"आईची."

मी डोळे मिटून गाल पुढे केला. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर ताई दारातून बाहेर ओरडत होती, "अहो! भिंग आणा! बेबी क्रीममध्ये काय काय असतं?"

*

आठव्या आठवड्यात सोनोग्राफी. सकाळपासून घरात कोणी लेबल वाचलं नाही. आत एकालाच सोडतात, पण ताईने माझा हात इतका घट्ट धरला होता की सिस्टर म्हणाली, "चलो, दोनों आ जाओ."

भावोजी खुर्चीवर, मी स्टुलावर. ताई टेबलावर आडवी, नजर छताकडे. स्क्रीनकडे ती बघेचना.

डॉक्टर मशीन फिरवत होत्या. सगळं काळं-करडं. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांचा हात थांबला. त्या काळ्यात राजम्याच्या दाण्याएवढं काहीतरी होतं, आणि त्याच्या मधोमध एक ठिपका लुकलुकत होता. इतका भरभर, जसं काही त्याला कुठेतरी वेळेवर पोचायचंय.

"ये रही धड़कन," डॉक्टर म्हणाल्या.

भावोजी उभे राहिले. ताठ. राष्ट्रगीत लागल्यासारखे हात दोन्ही बाजूंना, मान वर.

"बैठिए सर," सिस्टर म्हणाली.

"नहीं, ठीक है," भावोजी म्हणाले. बसले नाहीत.

माझे पाय पण आपोआप उठले. मग सिस्टरने हातातली फाइल खाली ठेवली आणि तीही सरळ उभी राहिली. तो ठिपका तसाच लुकलुकत होता.

ताईने हळूच मान वळवली. आधी स्क्रीनकडे बघितलं, खूप वेळ. मग आमच्याकडे.

"अहो," ती कुजबुजली, "मी पण उठू का?"