रेडियस, आलं ना

सन दोन हजार तेवीस. माझं वय चौऱ्याहत्तर. शाळेच्या दाखल्यावर दोन वर्षं कमी लागलीत, पण त्या दाखल्यावर माझा विश्वास नाही. दुसरी अर्धी टाकून मी मेंढरांमागं गेलो तो गेलोच.

त्या साली माझ्या नातीला सांगलीला नर्सिंगला जागा मिळाली. आमच्या माण तालुक्यातल्या वाडीला ही लय मोठी गोष्ट. माझी कारभारीण अंथरुणाला खिळली तेव्हा हीच पोर तिला कुशीवर वळवायची, पाठीला पावडर लावायची. म्हातारी पाणी प्यायची ते हिच्याच हातनं. नर्स व्हायचं तेव्हाच तिनं ठरवलं होतं. आणि आता तीच नको म्हणायला लागली.

कारण पुस्तक. दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी आपलं जुनं पुस्तक तिला वाचायला दिलं होतं, सगळं इंग्रजीत. बारावीपर्यंत मराठीत शिकलेली पोर. त्यात डोकं घालून बसली आणि दिसामाजी तिचं तोंड सुकत गेलं. शेवटी एकच दिवस हातात उरला; दुसऱ्या दिवशी सांगलीला जाऊन नाव घालायचं होतं, नाहीतर जागा जाणार होती. मुंबईहून माझ्या लेकाचा, तिच्या बापाचा फोन आला, "न्हाई झेपत तर ऱ्हाऊ दे. स्थळ बघू."

दुपारी ती माझी भाकरी घेऊन माळावर आली. पिशवीत पुस्तकही होतं. मेंढरं एकमेकींच्या सावलीत माना घालून उभी होती. डोंगराच्या कण्यावर पवनचक्क्या इतक्या सावकाश फिरत होत्या, की बघता बघता डोळ्यांवर झापड यावी.

"आबा, मी न्हाई जात."

"का?"

"हाडांची नावंबी ध्यानात ऱ्हात न्हाईत. वाचलं की गेलं. तितं नापास झाले तर गाव हसंल."

"मला बी हसतंय गाव. मी कुटं मेलो?"

"तुमाला काय हो, तुमी दुसरीबी न्हाई झाला."

हे मला लागलं. मी म्हटलं, "शाळा न्हाई शिकलो, पर बिरोबाच्या ओव्या दिस मावळल्यापास्नं उजाडंपतोर गातो. त्या काय कागदावर हायत?"

"त्या मराठीत हायत, आबा."

"निम्म्या शब्दांचा अर्थ मला आजून ठावं न्हाई. काढ पुस्तक."

आमच्यात ओवी एकट्यानं गात नाहीत. एकजण पुढं म्हणतो, दुसरा मागून शेवटचा शब्द झेलतो. मागं धरणारा असला की पुढच्याला पुढचं आपसूक येतं. ही पोर एकटीच म्हणत होती, मग अडखळणार नाही तर काय?

"म्हण. मी मागं धरतो."

आधी लाजली. मग खांद्यापासून निघाली. "क्लॅव्हिकल, स्कॅप्युला..."

"प्युला गं प्युला," मी शेपूट धरलं.

"ह्यूमरस..."

"रस गं रस."

ती कोपराखाली उतरली. "रेडियस, अल्ना..."

"आलं की!"

ती थांबली. "काय आलं?"

"तूच इचारलंस न्हवं, आलं ना म्हणून? आलं."

"आवं आबा, अल्ना हाडाचं नाव हाय!" आणि अशी हसली, की कडंची मेंढरं बिचकून उठली.

"मग नाव ठेवणाऱ्यानं इचारूनच ठेवलंय. म्हण परत."

ती परत म्हणाली, आणि परत. उन्हाची धग उतरली. मी डोळे मिटले होते तरी तोंड चालू होतं. खांद्याच्या टेकाडावरनं ती नावं खाली कोपराच्या खिंडीत उतरताना मला दिसत होती, मग मनगटाच्या बारक्या खड्यांतनं पाण्याकडं जाताना. पाणी कृष्णेचं होतं. जवानीत दुष्काळात मेंढरं घेऊन आम्ही सांगलीकडं गेलो होतो. पहाटे नदीवर धुकं, आणि पलीकडचा घाट आहे का नाही ते कळत नव्हतं. त्या धुक्यात आता कुणीतरी पांढऱ्या कपड्यांत चालत होतं. पाठमोरं. हाक मारावी म्हटलं, तर तोंडातनं हाडाचंच नाव आलं.

डोळे उघडले तर पुस्तक मिटून तिच्या मांडीवर पडलं होतं आणि ती पायाच्या बोटांपर्यंत पोचली होती.

"ही नुसती हाडं झाली, आबा. पुढं लय हाय."

"ओवी एका बैठकीत सरती व्हय?"

भाकरीचं फडकं झटकत ती म्हणाली, "सांगलीत मागं कोण धरणार?"

मेंढरं चरायला पांगली होती, त्यांना हाळी दिली. "तितल्या पोरी काय मुक्या हायत?" मी म्हटलं. "तुज्यावाणीच भेदरून आल्या असत्याल. एकीला म्हणायला लाव, तू मागं धर. मग पाळी बदला."

घरी गेल्यावर तिनं बापाला फोन लावला. "स्थळ बघू नगासा," एवढंच म्हणाली आणि ट्रंक भरायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला वाटेला लावायला म्हणून मी मेंढरं घटकाभर भावकीतल्या एकाच्या हवाली केली, नवा पटका बांधला आणि तिच्या आधी फाट्यावर जाऊन बसलो. ती आली, मागनं एसटी आली. आमच्या फाट्यावर ती हात करून थांबतेच असं नाही, म्हणून मी उठून रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. ड्रायव्हर ओरडला, "आवं म्हातारबा, मरायचंय का?" ती ट्रंकेसकट चढून खिडकीशी बसेपर्यंत मी बाजूला झालो नाही.