शेवटच्या ओळीतलं नाव

परवा रविवारी जयंतीच्या कार्यक्रमात माझ्या भाचीचं रॅप होतं. उत्तर नागपुरातली आमची वस्ती, विहारासमोर मंडप, पांढऱ्या साड्यांच्या रांगा... मी मुद्दाम मागची खुर्ची धरली. आपली भीती चारचौघींना कशाला दाखवायची.

समीक्षा माझ्या सुखदेवदादाची मुलगी. दादा गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती. आता कॉलेजात आहे, ढगळ टी-शर्ट घालते आणि रॅप करते. वस्तीतली पोरं तिचं सगळं उचलतात... चालणं, बोलणं, उलटी टोपी. शेजारची मंदा मला म्हणते, "माह्या पोराले पाढे येत नाही, पण समीक्षाचं रॅप तोंडपाठ आहे वं." तक्रार होती की कौतुक, तिचं तिलाच ठाऊक.

पोरं तिचं ऐकतात हे भाऊंच्याही कानावर गेलेलं. भाऊ म्हणजे आमच्या भागातले नेते. आठवडाभर आधी समितीचे अध्यक्ष चहाला म्हणून आले आणि चहा संपेपर्यंत मुद्द्यावर आले. "बाई, पोरीले समजावा. मंडप भाऊचा, साउंड भाऊचा. शेवटच्या ओळीत त्यायचं नाव टाकलं तर काय बिघडून राहिलं? नाही तर तिचा नंबर लागनं कठीण आहे."

शेवटचीच ओळ का, ते सांगते. आमच्याकडे गायन पार्टीची एक रीत होती. गाणं लिहिणारा शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव घालायचा, आणि नाव आलं रे आलं की कोरसनं ती ओळ उचलायची. नाही उचलली तर गाणाऱ्याचा अपमान. लोक एकमेकांकडे बघायला लागायचे.

दादाची अशी पार्टी होती. तो पेटीवर, मी कोरसमध्ये. काटोल, नरखेडपर्यंत जायचो आम्ही... कधी एसटीनं, कधी संत्री पोहोचवून परत निघालेल्या मेटॅडोरमधून, पेटी मांडीवर घेऊन. "सुखदेव म्हणे" आलं की आम्ही अशी ओळ उचलायचो की झोपलेली लेकरं उठून बसायची.

त्यातलं आता काही उरलं नाही. दादाचं एक रेकॉर्डिंग नाही हो आमच्याकडे. गाणी मला सगळी पाठ आहेत, पण त्याचा आवाज आठवायला बसले की दर वर्षी थोडा कमीच ऐकू येतो. याचं फार वाईट वाटतं मला, कोणाला सांगत नाही.

तर समीक्षाचं रॅप होतं आमच्या अभ्यासिकेवर. तिला कुलूप आहे. आत भाऊंचे बॅनर आणि खुर्च्या ठेवल्यात, आणि परीक्षेची तयारी करणारी पोरं बाहेर पायरीवर बसतात. मी तिला म्हटलं, "बाई, गा तू. पण राजकारण कशाला? ही एवढी पोरं तुझ्या मागे येतात, उद्या त्यांच्यातल्या कोणाला मार बसला तर?"

ती म्हणाली, "आत्या, तू काहून भेऊन राहिली? बाबा काय पाळणे गात होते?"

खरं होतं तिचं. दादानं नळाला पाणी नाही म्हणून ज्या साहेबांवर गाणं केलं होतं, तो ते गायला तेव्हा ते साहेब पहिल्या रांगेत होते. भाऊंच्या नावाचं विचारलं तर "पाहते" एवढंच म्हणाली. अध्यक्षांनी तोच होकार धरला आणि तिचा नंबर लावला.

रविवारी ती स्टेजवर आली. भाऊ समोर, गळ्यात हार. मोबाइलवरचा बीट सुरू झाला आणि पोरीनं जे धरलं ना... मला निम्मे शब्द कळले नाहीत, पण कुलूप कळलं, पायरी कळली, बॅनर कळले. पोरं तिच्यासोबत म्हणत होती. भाऊ घड्याळ बघत होते. अध्यक्ष खुणेनं तिला सांगत होते, नाव, नाव.

मग तिनं बीट थांबवला आणि सावकाश म्हणाली...

"सुखदेव म्हणे राजेहो, आधी कुलूप उघडा."

आणि मंडपात एकदम शांत. पोरांना ही रीत कुठली माहीत, त्यांना वाटलं अजून पुढे आहे. ज्यांना माहीत होती ते भाऊंच्या तोंडाकडे बघत होते. माइकवर माझ्या दादाचं नाव आलं होतं इतक्या वर्षांनी, आणि कोणी उचलत नव्हतं. पोरगी वाट बघत उभी.

मी कधी उठले, मला कळलं नाही. खुर्चीची पाठ धरून ती ओळ मी दादाच्या चालीत उचलली. आवाज फाटला. दुसऱ्यांदा म्हटली तेव्हा मंदा उठली, बाजूच्या दोघी म्हाताऱ्या उठल्या, त्यांनी टाळी धरली. तिसऱ्यांदा पोरं आली.

भाऊ भाषण न करता गेले. अध्यक्ष आता माझ्याशी बोलत नाहीत. कुलूप अजून तसंच आहे, पण त्या पायरीवर बसलेली पोरं येणाऱ्याजाणाऱ्याला ती ओळ ऐकवतात. रॅपरनं राजकारण बोलावं का, पोरांनी त्यांचं ऐकावं का, यावर इथे फेसबुकवर लोक रोज भांडतात. भीती मलाही वाटते, अजून वाटते. पण दादाला हा प्रश्न कोणी विचारला असता तर तो पेटी घेऊन निघून गेला असता.

काल समीक्षा घरी आली. कोणीतरी काढलेला व्हिडिओ होता तिच्या मोबाइलमध्ये. स्वतःचं रॅप ती पुढे ढकलत होती आणि माझा फाटका आवाज परत परत लावत होती. मी म्हटलं, बंद कर गं, लाज वाटते.

तर म्हणाली, "आत्या, बाबा असेच गात होते का?"

मी "हो" म्हटलं. मनात म्हटलं, याहून कितीतरी सुंदर गायचा गं... तू ऐकायला हवं होतंस.