खाडीत थांबलेली सकाळ

परदेशी शिकायला जायचं मनात आलं तेव्हा मला भीती विमानाची नव्हती की थंडीची नव्हती. भीती होती ती माझ्याच जिभेची. लहानपणापासून मी बोलताना अडखळते. 'क'चा शब्द आला की तो घशाशी येऊन बसतो आणि काही केल्या हलत नाही. आणि मला शिकायचं होतं ते नेमकं कालवांविषयी, खडकाला चिकटून वाढणाऱ्या त्या शिंपल्यांविषयी. आमच्या रत्नागिरीच्या खाड्यांतून कालवं कमी का होत चालली, ती पुन्हा कशी रुजतील, हा माझा ध्यास. नॉर्वेतल्या एका विद्यापीठाला माझा अर्ज पसंत पडला होता. आता मुलाखत तेवढी उरली होती, संगणकाच्या पडद्यावर आणि इंग्रजीत. इंग्रजीत तर खाडीच्या 'क्रीक' या शब्दालाही सुरुवात 'क'नेच होते.

आई मासळी विकते, बाबा बोटीवर असतात. मला एवढ्या लांब पाठवायला आईचं मन धजत नव्हतं. ती मला कौल मागायला ग्रामदेवी नवलाईच्या देवळात घेऊन गेली. गुरवाने देवीला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. आम्ही हात जोडून बसलो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पण पाकळी पडलीच नाही. सकाळ टळून गेली, समईची वात खाली आली, तरी नाही. गुरव हळूच म्हणाला, "आई आज गप्प हाय. धीर धरा." मला रडू आलं. देवी नाही म्हणाली असती तर मी ते सोसलं असतं. तिचं गप्प बसणं मात्र मला फार लागलं. वाटलं, माझ्याशी बोलताना तिचेही शब्द अडतात की काय!

मुलाखत दुपारची होती, तरी त्या दिवशी मी सकाळीच निघाले. आमच्या वाडीत फोनला धड रेंज नसते, म्हणून खाडी ओलांडून मिरजोळ्याला मावशीकडे जायचं ठरलं होतं. धुकं इतकं दाट होतं की होडीच्या एका टोकाला बसून दुसरं टोक दिसत नव्हतं. होडीत होडीवाले दादूकाका, मी आणि एक अनोळखी बाई. विटक्या जांभळ्या लुगड्यातली, मांडीवर गाठोडं घेतलेली. मध्यावर गेलो आणि होडीचा तळ गाळात टेकला. ओहोटी काकांच्या अंदाजापेक्षा जास्त उतरली होती.

"रुतली," काका म्हणाले. "आता भरतीचं पाणी चढल्याबिगर काय हलायची नाय."

चहूबाजूला कमरेएवढा चिखल. उतरून चालत जायची सोय नाही. फोन मुका. मी वेड्यासारखी एकदा फोनकडे, एकदा पाण्याकडे पाहत होते. मग हळूहळू माझ्यातलं काहीतरी सैल पडलं. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. धुक्यात आकाश आणि पाणी एक झालं होतं, आणि आम्ही तिघं कुठेच नसल्यासारखे त्यात बसून होतो. कुठूनतरी पाणकावळ्याच्या पंखांची फडफड यायची आणि विरून जायची.

"कुठं चाललीस गो, बाय?" त्या बाईने विचारलं.

मी मुलाखतीचं सांगितलं. "तिकडं जाऊन काय शिकणार?" ती म्हणाली.

"का... का..." माझं झालं सुरू.

"कालवं, कालवं," काकांनी मायेने शब्द पुरवला. सगळे तसंच करतात.

बाईने त्यांना हातानेच थांबवलं. "तिचं तिला बोलू दे की." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बोल. पाणी यायला वेळ हाय."

आणि ती थांबली. तिने नजर चुकवली नाही, चेहऱ्यावर कीव आणली नाही. माझा शब्द येईपर्यंत ती नुसती बसून राहिली. मी बोलत गेले. कालवाचं पिल्लू पाण्यातून वाहत येतं, त्याला चिकटायला टणक जागा लागते, गाळाने खडक झाकले तर ते तसंच वाहून जातं, हे सारं अडखळत, पण माझ्याच शब्दांत.

"म्हणजे टेकायला जागा हवी त्याला," ती हसली. "माणसासारखंच झालं."

बोलण्याच्या नादात पाणी कधी चढलं ते कळलंच नाही. होडी अलगद उचलली गेली. धक्क्याला लागल्यावर मी चपला हातात घेऊन उतरेपर्यंत ती बाई धुक्यात पुढे निघूनही गेली होती.

मावशीच्या घरी जेमतेम वेळेवर पोचले आणि ओल्या सलवारीनेच संगणकासमोर बसले. पडद्यावर तीन चेहरे. पहिल्याच वाक्यात खाडीचा शब्द अडला. एरवी मी घाबरून भलताच शब्द वापरला असता किंवा माफी मागितली असती. त्या दिवशी तसं केलं नाही. जमेल तसं म्हणाले, "माझे शब्द कधी कधी उशिरा येतात. तेवढं थांबावं लागेल." मधल्या वयस्कर बाईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला. "सावकाश बोल. आम्हाला घाई नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. मला होडीतलं 'पाणी यायला वेळ हाय' आठवलं आणि मी तेच वाक्य पुन्हा सुरू केलं.

संध्याकाळी घरी येऊन आईला सारं सांगितलं. मधे मी अडले तेव्हा शब्द पुरवायला तिचे ओठ उघडले आणि मिटले. शेवटपर्यंत तिने माझं एकही वाक्य पुरं केलं नाही. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "मी कधी थांबलेच नाय गो तुझ्यासाठी. लेकराला त्रास नको म्हणून मीच बोलत राहिले." पदर खोचून म्हणाली, "जा तू. देवी दर वेळेला पाकळीनंच सांगते असं थोडंच हाय?"

होडीतली ती बाई कोण, हे दादूकाकांनाही ठाऊक नव्हतं. पलीकडच्या गावची असेल, लेकीकडे निघाली असेल. मी फार शोध घेतला नाही. शिष्यवृत्तीसकट प्रवेश मिळाल्याचं कळलं, त्या दिवशी मी नवलाईसमोर नुसती बसून राहिले.

आता मी या थंड किनाऱ्यावर राहते. इथे हिवाळ्यात सूर्य नावापुरता उगवतो. अडखळणं गेलेलं नाही, वर्गात रोजच अडते. पूर्वी हात जोडले की एकच मागणं असायचं, माझी वाणी मोकळी कर. हल्ली ते मागत नाही. डोळे मिटते, शब्द आला तर आला, नाही तर तशीच बसते. नवलाईला ऐकू जातं, एवढं मला पुरतं.