साध्या कपड्यातले देवदूत

अख्ख्या लातूर शहरात देवदूतांची सगळ्यात जास्त खातिरदारी कुठे होत असेल तर ती आमच्या घरमालकांच्या ओट्यावर, हे मी कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. खरेखुरे देवदूत तिथे किती उतरले ते देवच जाणे. पण त्यांच्या आशेवर चटया विकणारे, शेगडी दुरुस्त करणारे, पत्ता चुकलेले, वर्गणी मागायला आलेले, आणि एकदा तर समोरच्यांची वीज तोडायला आलेला वायरमनसुद्धा त्या ओट्यावर पोटभर जेवून गेला. तो जेवून उठला, हात धुतले, ढेकर दिली आणि मग जाऊन समोरच्यांची वीज तोडली. समोरच्या काकू आठवडाभर आमच्या घरमालकांशी बोलल्या नाहीत. ‘अहो, निदान उपाशी तरी तोडली असती!’ असं त्यांचं म्हणणं होतं.

घरमालकांना मी काका म्हणायची. मिशनच्या दवाखान्यात त्यांची उभी हयात जीप चालवण्यात गेली. काकी वारल्या, मुलगा पुण्याला गेला, आणि मग काकांनी वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या ठरवल्या. मी मूळची नांदेडची, शाळेत मास्तरीण. बदली होऊन लातूरला आले ती थेट त्यांच्या दारात; आमचे हे मागाहून आले. काका ख्रिस्ती, आम्ही लिंगायत. आमच्याकडे जंगमस्वामी घरी येणार म्हटलं की आधी निरोप येतो, घर सारवून-पुसून लख्ख होतं, पाद्यपूजेचं ताट तयार राहतं. काकांच्या पाहुण्याचं तसं नव्हतं. तो सांगून येत नाही, ओळख दाखवत नाही, आणि वेळ नेमकी आपण भांडी घासून पालथी घातल्यावरची धरतो. ‘शास्त्रात लिवलंय बाई,’ काका मला समजावून सांगायचे, ‘लोकायनं परक्या माणसाला जेवू घातलं आन् त्यो दूत निघाला. घालणाऱ्याला बी ठाव नव्हतं. मंग मला डायवराला कसं वळखू यावं? म्हून सगळ्यालाच घालायचं. कोणतरी एक असंलच की!’ आंब्याच्या मोठ्या पेटीत एखादा तरी हापूस निघेल, असा तो हिशेब होता.

ह्या कामासाठी काका रोज एक भाकरी जास्तीची थापायचे. ती टोपलीत सगळ्यात वर, फडक्याखाली. तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. एकदा आमच्या ह्यांनी भूक लागली म्हणून चुकून ती उचलली, तर काका शांतपणे म्हणाले, ‘खावा साहेब, खावा. दूताला सांगतो मी, आमच्या भाडेकरूला दम निघंना म्हून.’ ह्यांच्या घशाखाली घास उतरेना. दिवस मावळेपर्यंत कुणी आलं नाही तर ती भाकरी काका स्वतः दूध घालून कुस्करून खायचे, आणि त्या दिवशी ते जरा गप्प गप्प असायचे.

देवदूतांविषयी काकांची मतं अगदी पक्की होती आणि ती त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांनाही हलवता आली नाहीत. नाताळात चर्चमधल्या पोरांना थर्माकोलचे पंख बांधून देवदूत करतात, त्यावर काकांचा दरवर्षी ठरलेला वाद. ‘शास्त्रात जेवायला आलेले समदे साध्या कपड्यातले हायेत, पाळकसाहेब. पंख घालून आला तर त्याला कोण बी पाट मांडंल! मंग पाहुणचारात राहिलं काय?’ पाळकसाहेब बिचारे हसून म्हणायचे, ‘पण पोरांना हौस असते हो.’ काका म्हणायचे, ‘हौस असू द्या, पर लेकरायला खोटं शिकवून राहिलो आपण.’ दुसरं मत असं, की देवदूताला नाव कधी विचारायचं नाही. शास्त्रात कुणीतरी विचारलं होतं म्हणे, आणि त्याने सांगितलं नाही. त्यामुळे काकांच्या ओट्यावर जेवून गेलेल्या एकाही माणसाचं नाव काकांना ठाऊक नसायचं. आणि तिसरं, मला सगळ्यात आवडलेलं मत म्हणजे, देवदूताच्या पाया पडायचं नाही. ‘त्यो बी चाकरच हाय बाई, माझ्यासारखा. साहेबानं पाठवलं की निघायचं. डूटीवरल्या माणसाच्या पाया नसतंय पडायचं. त्याला चहा इचारायचा.’

जीप चालवताना तर काकांनी देवदूतांना फारच कामाला लावलं होतं. शास्त्रात कुणा एका माणसाच्या गाढवीची गोष्ट आहे. वाटेत तलवार घेऊन देवदूत उभा, तो मालकाला दिसेना पण गाढवीला दिसला, आणि ती जागची हलेना. काकांनी ती गोष्ट उचलून जशीच्या तशी जीपला लावली. मुरुडच्या अलीकडे जीप बंद पडली, की दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई घामाघूम होऊन ओरडायच्या, ‘अरे, बघ की काय झालं!’ काका बॉनेट उघडायचे नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे आदराने बघत बसायचे. ‘हिला कायतरी दिसलं हाय, बाईसाहेब. जरा दम धरा.’ थोड्या वेळाने जीप आपोआप चालू व्हायची, आणि काका विजयाने मागे वळून बघायचे. इंजिन तापलं होतं ते निवलं, असं डॉक्टरीणबाईंचं मत. पण एवढं खरं, की त्या जीपला काकांनी कधी शिवी दिली नाही की लाथ मारली नाही. गोष्टीतल्या माणसाने गाढवीला मारलं आणि मग त्याची फजिती झाली, हे ते विसरले नव्हते.

आता लातूर म्हणजे लातूर. इथे पाहुण्याला चहा पटकन विचारतात, पाणी विचारताना नळाला पाणी येऊन किती दिवस झाले ते आधी मनात मोजतात. काकांचं उलटं. आलेल्याच्या हातात पहिल्यांदा पाण्याचा तांब्या. तोही नुसता द्यायचा नाही, तो पिऊन होईपर्यंत समोर उभं राहायचं. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला एक टायवाला तरुण आला होता. त्याने बॅग उघडायच्या आत काकांनी त्याला तांब्याभर पाणी पाजलं. मग भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी. तो बिचारा ‘काका, ह्या पाण्यात जंतू…’ म्हणून सुरुवात करायचा आणि काका वरण वाढायचे. शेवटी तो टाय सैल करून ओट्यावरच डुलक्या घ्यायला लागला आणि उठून गेला तेव्हा यंत्र विकायचं राहूनच गेलं होतं. निवडणुकीत तर एका पक्षाचे कार्यकर्ते जेवत असताना दुसऱ्या पक्षाचे आले. काकांनी दोघांना एकाच पंगतीत बसवलं. मी वरच्या जिन्यातून बघत होते, म्हटलं आता डोकी फुटतात. पण तिखट इतकं जबर होतं, की दोन्ही पक्ष एकमेकांना पाणी देत होते. ‘ह्यातला कोण असेल हो काका?’ मी नंतर चेष्टेने विचारलं. काका म्हणाले, ‘आज अवघड दिसतंय बाई.’

असं सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं असताना एक माणूस आला. बोलायला मधाळ. जेवला, काकांना ‘देव तुमचं भलं करो’ म्हणाला, आणि जाताना काकांना मुलाने घेऊन दिलेला नवा मोबाईल घेऊन गेला. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट मलाच म्हणाले, ‘शास्त्रात एका दूतानं माणसाशी पहाटपर्यंत कुस्ती धरून त्याच्या मांडीचा सांधा निखळवला, बाई. माझा तर नुसता मोबाईल गेला.’ पण तिकडे पुण्यात मुलगा फोन लावून लावून बेजार. बाप उचलेना, म्हणजे काय झालं असेल ह्या काळजीने त्याचा जीव थाऱ्यावर नाही. माझा नंबर त्याच्याकडे नव्हता. बिचारा मिळेल त्या गाडीने लातूरला आला, तर बाप ओट्यावर बसून एका भंगारवाल्याला कालवण वाढतोय!

मुलगा रागावला, आणि त्याचं चुकलं असं मला तरी म्हणता येणार नाही. ‘पप्पा, आज मोबाईल गेला, उद्या कुणी गळा दाबून जाईल. आता बास. पुण्याला चला.’ काका म्हणाले, ‘अन् दार?’ मुलगा म्हणाला, ‘कसलं दार?’ तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की काकांचा जीव घरात नव्हता, शेतीवाडीत नव्हता, तो त्या रस्त्यावर उघडणाऱ्या दारात होता. मुलगा मग त्यांची समजूत घालायला आपल्या सोसायटीचं कौतुक सांगू लागला. अकरावा मजला. खाली गेट. कुणीही आलं तरी आधी नाव, नंबर, फोटो. मग आपल्या मोबाईलवर विचारणार, सोडू का. आपण हो म्हटलं तरच माणूस वर. ‘एक माशी आत येत नाही, पप्पा!’ काकांचा चेहरा उतरला. बराच वेळ भंगारवाल्याच्या रिकाम्या ताटाकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, ‘नाव न्हाई सांगत ते.’

मुलगा वैतागून म्हणाला, ‘पप्पा, पुरे झाले तुमचे देवदूत!’ आणि इतक्या वर्षांत कधी आवाज न चढवलेले काका एकदम कडाडले. ‘तू तरी आसं म्हणू नको रे!’  मग काका जे बोलले ते मुलालाही नवीन होतं. तो लहान असताना औश्याच्या स्टँडवर गर्दीत काकांचा हात सुटून हरवला. काका-काकी वेड्यासारखे शोधत फिरले, दिवसभर पत्ता नाही. संध्याकाळी घरी येऊन दोघं रडत बसलेले, तर एक माणूस पोराला खांद्यावर घेऊन दारात उभा. धोतर, पायात वहाणा, धुळीने भरलेला. ‘तुजी आई रडाया लागली, मी तुला छातीला लावलं. आम्ही तुलाच बघत बसलो. मान वर केली तर त्यो माणूस गेलेला. एवढ्या उन्हाचा चालत आला आसंल. त्याला पाणीसुदिक इचारलं न्हाई रे मी.’ काकांनी डोळे पुसले. ‘त्यो परत येईल म्हून दार उघडं ठिवून राहिलो.’

मुलगा उठला. आत गेला, पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि बापाच्या हातात दिला. बाप पिऊन होईपर्यंत समोर उभा राहिला. मी उगीच जिन्यावरचे कपडे काढायला वर पळाले. पुण्याला जायचा निर्णय मात्र बदलला नाही. म्हाताऱ्या माणसाने एकट्याने राहण्यात अर्थ नव्हता, हे काकांनाही कळत होतं. निघायच्या दिवशी मी वातावरण हलकं करावं म्हणून विचारलं, ‘काका, खरं सांगा, इतक्या वर्षांत एक तरी सापडला का?’ काका गाडीत बसता बसता थांबले. ‘तुमच्यावरच लई संशय होता माझा.’ मी उडालेच. ‘भर उन्हात आलात, संगं कुणी न्हाई, हातात एकच पिशवी. म्हटलं, हीच.’ ‘मग?’ ‘कारल्याची भाजी वाढली होती. तुम्ही पानाच्या कडंला सारून ठिवली. दूत पानात टाकत न्हाईत.’ असं म्हणून काकांनी गाडीचं दार ओढून घेतलं.

काका गेल्यावर खालचं घर बंद राहिलं. ओट्यावरच्या दाराला कुलूप बघून फेरीवाले जिन्याखाली येऊन मलाच विचारू लागले, ‘आजोबा कुठं गेले?’ मी काही काकांसारखी नाही. माझ्या तोंडाला धार आहे आणि शाळेतून आल्यावर मला कुणाचं तोंड बघायची इच्छा नसते. तरी पाण्याचा तांब्या कधी माझ्या हातात आला ते कळलं नाही. आमचे हे म्हणतात, भाकरीही एक जास्त होते. होत असेल. पीठ अंदाजाने घेते मी.

मध्यंतरी पुण्याला जायचा योग आला, म्हणून काकांची गाठ घ्यायला गेले. मुलाने सांगितलेलं ते गेट. नाव, नंबर, फोटो. वॉचमन मोबाईलवर विचारत बसलेला आणि मी बाहेर पिशवी धरून उन्हात उभी. तेवढ्यात आतून ओळखीचा आवाज आला, ‘आवं, आधी पाणी प्या, मंग फोटो काढतील ते.’ वॉचमनच्या खोलीशेजारी झाडाखाली खुर्ची टाकून काका बसलेले! शेजारी माठ, फडक्यात भाकऱ्या, आणि सामान पोचवायला आलेली दोन-तीन माणसं हेल्मेट मांडीवर ठेवून जेवताहेत. वॉचमन हसून म्हणाला, ‘मॅडम, आजोबा रोज इथंच. ती खुर्ची त्यांच्या मुलानेच आणून ठेवली. माठपण त्यांनीच.’ एक माशी आत येत नाही, म्हणून काका स्वतःच खाली उतरले होते.

काकांनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा फुलला. पण थकले होते. मुरुडचा रस्ता कोणता आणि औश्याचा कोणता, तेही विसरत होते. ‘कसं हाय लातूर? दाराशी कोण येऊन गेलं काय?’ त्यांनी विचारलं. ‘येतात काका, रोज येतात,’ मी म्हटलं. ‘पाणी देता?’ ‘देते.’ ‘नाव इचारत न्हाई ना?’ ‘नाही काका.’ मग त्यांनी डबा उघडून माझ्या ताटात भाकरी ठेवली आणि शेजारी कारल्याची भाजी वाढली. कारलं मला आजही आवडत नाही. काका माझ्या ताटाकडे बघत होते, तसेच, जसे सगळ्यांच्या ताटाकडे बघायचे. मी एकही फोड टाकली नाही. कडू घास एकेक करून गिळला, ताट बोटाने पुसून स्वच्छ केलं आणि त्यांच्यापुढे धरलं. काका खूप वेळ त्या रिकाम्या ताटाकडे बघत राहिले. मग पाया बिया न पडता त्यांनी मला चहा विचारला.